रिसिव्हरमधली खरखर

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात फोन बदलले. पीआरआय (एकदम तीस कॉल नेणारी जुनी डिजिटल लाइन) गेली, एसआयपी ट्रंक (इंटरनेटच्या पद्धतीने कॉल नेणारी लाइन) आली. टेबलांवरचे पिवळट पडलेले फोन उचलून तिथे काळे, रंगीत पडद्याचे आयपी फोन बसले. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त कटकट आली ती परचेसमधून. तक्रार काय, तर पलीकडचा माणूस गप्प झाला की फोन कट झाल्यासारखा वाटतो. परचेसच्या बाईंनी दर विचारलेला असतो, पलीकडचा कागद चाळत असतो, आणि इकडे कानात इतकं सुन्न वाटतं की दर थोड्या वेळाने "हॅलो, आहात ना?" करावं लागतं. नेटवर्क तपासलं तर पॅकेट लॉस (वाटेत हरवलेले आवाजाचे तुकडे) शून्य, जिटर (ते तुकडे पोहोचण्याच्या वेळेतला चढउतार) पाच मिलिसेकंदांच्या आत. रिपोर्टमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती, आणि बाईंचं म्हणणंही खोटं नव्हतं.

कारण एका सेटिंगमध्ये होतं. सायलेन्स सप्रेशन चालू होतं. म्हणजे पलीकडे कुणी बोलत नसेल तेव्हा तिकडून आवाजाची पॅकेट येणंच थांबतं, तेवढीच बँडविड्थ वाचते. जुन्या तांब्याच्या तारेवर कायम एक बारीक खरखर असायची, पलीकडच्या पंख्याचा, टाइपिंगचा आवाज यायचा. ती खरखर म्हणजे दोष, असं आपण पंचवीस-तीस वर्षं समजत आलो. लाइन जिवंत असल्याची खूण म्हणून कान तिचाच आधार घेत होता, हे ती गेल्यावर कळलं. सप्रेशन बंद केलं, जिथे ते बंद होत नव्हतं तिथे कम्फर्ट नॉइज चालू केला, म्हणजे फोन स्वतःच कानात खोटी खरखर सोडतो. तक्रार थांबली. कृत्रिम खरखर निर्माण करण्यासाठी २००२ सालापासून एक वेगळं मानक आहे, यावरून ही अडचण किती जणांना आली असेल बघा.

हा प्रकार डोक्यातून जात नाही. कारण फोन बदलण्याच्या सगळ्या कामाचं मर्म त्यात आहे. जुनी यंत्रणा आपल्यासाठी काय काय करत होती याची यादी कुणाकडेच नसते. एक्स्टेंशन किती, लाइनी किती, महिन्याचं बिल किती एवढं कोटेशनमध्ये येतं. न सांगता, न लिहिता ती जी कामं करत होती ती कुठेच येत नाहीत, आणि नवी यंत्रणा सांगितल्याशिवाय काहीही करत नाही.

सगळ्यात मोठं न सांगता होणारं काम म्हणजे वीज. टेलिफोन एक्स्चेंज तारेवरून उणे ४८ व्होल्ट डीसी पाठवायचं, आणि घंटी वाजवायला साधारण ७५ व्होल्ट एसी, २५ हर्ट्झचा. (रिंग येत असताना उघड्या जोडीला बोट लागलं की तो आकडा नीट लक्षात राहतो.) म्हणजे साध्या फोनला आपल्या भिंतीतली वीज लागतच नव्हती. ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजच्या, पोटात किंवा शेजारी १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असायच्या. त्याही उतरल्या तर पॉवर फेल ट्रान्सफर नावाची सोय रिले पाडून बाहेरच्या एक-दोन लाइनी थेट ठरावीक एक्स्टेंशनला जोडून द्यायची. ते एक्स्टेंशन बहुतेक वेळा गेटवरच्या केबिनमधलं किंवा रिसेप्शनचं. हे कुणी, कधी ठरवलं ते आता कुणाला आठवत नाही. पण गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असली, सगळा कारखाना अंधारात असला, तरी गेटवरचा फोन लागायचा.

आयपी फोनच्या वाटेवर आता किती डबे आहेत ते मोजा. फायबरचा ओएनटी (बाहेरची फायबर जिथे संपते तो डबा), फायरवॉल, आयपी पीबीएक्स (ईपीएबीएक्सच्या जागी आलेलं नवं एक्स्चेंज), मधला स्विच, मजल्यावरचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा), आणि शेवटी फोन. यातला एक डबा कच्च्या, म्हणजे यूपीएस नसलेल्या, विजेवर राहिला तरी सगळी साखळी मुकी होते. आणि एक हमखास राहतो: वरच्या मजल्यावरचा, पॅन्ट्रीच्या माळ्यावर ठेवलेला स्विच, नाहीतर फायबर कंपनीने लावलेलं, कुणाच्याच हिशेबात नसलेलं मीडिया कन्व्हर्टर. हिशेब साधा आहे. तीस फोन, प्रत्येकी चार वॅट धरले तर १२०. पीओई स्विच स्वतःसाठी ३०. ओएनटी १०, फायरवॉल २०, पीबीएक्सचा डबा ४०. झाले २२० वॅट. चार तास चालवायचे तर ८८० वॅट-तास, यूपीएसचं स्वतःचं नुकसान धरून ११०० च्या घरात. १०० एएचच्या दोन बॅटऱ्या कागदावर २४०० दाखवतात. पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून फार खाली उतरवायची नसते, आणि दोन उन्हाळे काढल्यावर ती नवी राहत नाही. तेव्हा हे माप जेमतेमच आहे. जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. जनरेटर भार घ्यायला दहा-पंधरा सेकंद घेतो. तेवढ्या वेळात स्विच पडला तर तो उठायला दोन-तीन मिनिटं, त्यानंतर फोन सुरू होऊन रजिस्टर व्हायला आणखी एक-दोन. दहा सेकंदांच्या झटक्यात पाच मिनिटं ऑफिस बहिरं होतं.

म्हणून माझ्या मते हे काम क्रोन बॉक्सपासून (फोनच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी) सुरू करावं, फोनच्या कॅटलॉगपासून नाही.

जिन्याखालची ती पत्र्याची पेटी उघडली की दहा-दहा जोड्यांची पांढरी मॉड्यूल्स दिसतात. त्यावर कुणीतरी बॉलपेनने लिहिलेले, शाई उडालेले टॅग. "स्टोअर २", "साहेब घर", "जुना कॅन्टीन". वहीत ज्या जोड्या बंद म्हणून लिहिल्यात त्यांतल्या बऱ्याच जिवंत निघतात. टेस्ट फोन प्रत्येक जोडीवर लावायचा, डायल टोन येतो का ऐकायचं, दुसऱ्या मोबाइलवर कॉल करून नंबर बघायचा, आणि मग ती तार कुठे जाते ते शोधायला टोनर (तारेत टोन सोडून ती हुडकणारं यंत्र) घेऊन कारखाना पालथा घालायचा. कंटाळवाणं काम आहे. शंभर जोड्यांना दोन माणसांचे दोन दिवस सहज जातात, आणि हेच कोटेशनमधून पहिलं उडवलं जातं. पण या फेरीत जे हाती लागतं ते दुसऱ्या कशात लागत नाही. लिफ्टमधला लाल बटणाचा फोन एका अॅनालॉग एक्स्टेंशनवर असतो. आगीच्या पॅनेलचा ऑटो डायलर एका थेट लाइनवर असतो. वजनकाट्यावरचा फोन, शॉप फ्लोअरवरच्या भोंग्याचा अॅम्प्लिफायर (एक्स्टेंशन फिरवलं की आवाज सगळ्या शेडमध्ये), रात्रीची घंटी, आणि एक फॅक्स, जो फक्त एका सरकारी खात्यासाठी आणि एका हट्टी ग्राहकासाठी जिवंत ठेवलेला असतो. यातलं एकही उपकरण आयपी नाही, आणि एकाचीही तक्रार पहिल्या दिवशी येत नाही. लिफ्टचा फोन बंद पडलाय हे कळायला लिफ्टमध्ये कुणीतरी अडकावं लागतं. ब्रिटनमध्ये सगळ्या देशाची तांब्याच्या लाइनींवरची जुनी फोनसेवा बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ वर गेली. वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणं त्याच लाइनींवर होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. देश असो की कारखाना, अडतं ते यादीत नसलेल्या उपकरणापाशी.

या उपकरणांसाठी एफएक्सएस गेटवे घ्यायचा. आठ किंवा चोवीस पोर्टचा डबा, त्याच्या पोटातून तोच जुना डायल टोन आणि तीच घंटीची वीज निघते. तो क्रोनच्या शेजारीच बसवावा, म्हणजे पुढची जुनी तार तशीच वापरता येते. गेट चारशे मीटरवर असेल तर हा फारच शहाणा मार्ग आहे, कारण इथरनेटची तांब्याची केबल १०० मीटरला थकते आणि फोनची जोडी किलोमीटर सहज काढते. मात्र स्वस्त गेटवेच्या पोर्टमध्ये लांब तारेवर जुन्या, जड घंटीचा फोन वाजवण्याइतका दम नसतो. विकत घेण्याआधी त्याच तारेवर लावून वाजवून बघावा. आणि उघड्या आवारातून आलेली तार पहिल्या वळवाच्या पावसात विजेचा लोळ घेऊन येते. क्रोनच्या मॉड्यूलवर गॅस डिस्चार्ज ट्यूबचे अरेस्टर बसवायचे असतात ते यासाठी. जुन्या ईपीएबीएक्समध्ये एक कार्ड जळायचं, इथे अख्खा गेटवे जातो. अर्थिंग ढिली असेल तर अरेस्टर असून नसल्यासारखेच.

बँडविड्थची भीती मात्र लोक उगाच बाळगतात. पीआरआय म्हणजे २.०४८ एमबीपीएसची ई-१ वाट: ३० आवाजाची चॅनेल, एक सिग्नलचं, एक ताळमेळाचं, प्रत्येकी ६४ केबीपीएस. आयपीवर तोच, जी-७११ नावाच्या पद्धतीने आकड्यांत बदललेला आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो. एका तुकड्यात आवाजाचे १६० बाइट, आणि त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपी, इथरनेट मिळून ५८ बाइटची वेष्टनं. सेकंदाला पन्नास तुकडे, म्हणजे एका कॉलला प्रत्येक दिशेने ८७ केबीपीएस. तीसही कॉल एकदम चालले तरी २.६ एमबीपीएस. शंभरची फायबर असलेल्या ऑफिसात हे पासंगालाही पुरत नाही. घोळ होतो तो रांगेत. अकाउंट्सने बॅकअप चढवायला घेतला की आवाजाचं छोटं पॅकेट मोठ्या पॅकेटांच्या मागे उभं राहतं, आणि तीस-चाळीस मिलिसेकंदांनी उशिरा आलेला आवाज न आल्यातच जमा. "आवाज तुटतो" ही तक्रार दुपारी चारनंतरच का येते, याचं उत्तर बहुतेक वेळा अपलोडच्या आलेखात असतं. फोनला वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा), आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ चा, म्हणजे "याला आधी सोडा" असा शिक्का, आणि तो शिक्का मानणारा राउटर, एवढं केलं की झालं. स्विचने मानला आणि राउटरने पुसला, असं बरेचदा होतं. दोन्हीकडे पॅकेट पकडून बघावं. आणखी एक बारीक गोष्ट: फोनच्या मागे कॉम्प्युटर लावायला दुसरा पोर्ट असतो, स्वस्त फोनमध्ये तो १०० एमबीपीएसचाच असतो. डिझाइनवाल्यांच्या ड्रॉइंगच्या फाइली अचानक रेंगाळायला लागतात आणि शिव्या सर्व्हरला बसतात.

आवाज एकाच बाजूने येणं ही या धंद्यातली सर्दी. फोन लागतो, रिंग होते, उचलला जातो, आणि एकाला ऐकू येतं, दुसऱ्याला नाही. एसआयपीमध्ये कॉल लावण्या-तोडण्याचे निरोप एका वाटेने जातात आणि आवाज दुसऱ्या. आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता फोन स्वतः लिहून देतो, आणि तो जर १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता असेल तर पलीकडचा बिचारा कुठे पाठवणार? राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची मदतनीस सोय असते. ती हे पत्ते दुरुस्त करायला म्हणून असते आणि बहुधा बिघडवतेच. पहिल्या दिवशी ती बंद करावी. कॉल बरोबर तीसेक सेकंदांनी पडत असेल तर उचलल्याची पोचपावती परत पोहोचत नाही असं समजावं: मानकाप्रमाणे ३२ सेकंद वाट पाहून यंत्र कॉल सोडून देतं. पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने पडत असेल तर सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे ना, हे ठरावीक वेळाने तपासणारी सोय) बघावा. कॉल किती वेळाने पडला, एवढं घड्याळ लावून कुणी सांगितलं तर अर्धं निदान फोनवरच होतं. ते सोडून "मधेच कट होतो" एवढंच कळवलं जातं.

बाहेरची एखादी जुनी लाइन एफएक्सओ पोर्टमधून नव्या यंत्रणेत घेतली तर आणखी एक मजा. पलीकडच्याने फोन ठेवला हे गेटवेला कळावं कसं? आपल्याकडे पुष्कळ लाइनींवर त्यासाठी फक्त बिझी टोन येतो: ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. गेटवे मात्र खोक्यातून अमेरिकेच्या सेटिंगवर निघालेला असतो, तो ४८० आणि ६२० च्या जोडीची वाट बघत बसतो. ती येत नाही. तो लाइन सोडत नाही. संध्याकाळपर्यंत चारही लाइनी "व्यस्त" दिसतात आणि प्रत्यक्षात कुणीच बोलत नसतं. देश भारत निवडला की गाडी रुळावर येते. डायल टोनही मग आपला येतो, तो थोडा थरथरता, २५ हर्ट्झने हलवलेला. लोकांना त्यातला फरक शब्दांत सांगता येत नाही, पण परका टोन ऐकला की बोट क्षणभर थांबतं.

बोटांच्या सवयी हा वेगळाच विषय. शून्य दाबून लाइन घ्यायची, टोन ऐकायचा, मग नंबर. शिवाय १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना नंबराआधी शून्य लागतं, म्हणजे दोन शून्यं. नवी यंत्रणा सगळे आकडे गोळा करून मग एकदम पाठवते. डायल प्लॅनमध्ये (कुठला नंबर कसा लावायचा त्याचे नियम) नंबराची लांबी सांगितली नसेल तर शेवटच्या आकड्यानंतर ती चार-पाच सेकंद नुसती थांबते, की अजून काही येतंय का. लोक म्हणतात, नवा फोन स्लो आहे. दुसरं शून्य यंत्रणेनेच लावावं आणि दहा आकडे झाले की कॉल सोडावा, एवढी दोन ओळींची दुरुस्ती. ती न केल्यामुळे नव्या सिस्टीमचं नाव खराब झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

११२ आणि १०१ चं काय, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. नाशिकच्या शाखेतला फोन पुण्याच्या पीबीएक्सवर रजिस्टर असेल आणि नाशिकहून कुणी १०१ लावला, तर पुण्याच्या ट्रंकवरून पुण्याची अग्निशमन दलाची कंट्रोल रूम उचलणार. जागा वेगळी, आग वेगळी. प्रत्येक शाखेत स्थानिक लाइन हवी आणि हे नंबर तिच्यावरूनच बाहेर पडले पाहिजेत. आणि परदेशातल्या ऑफिसचे कॉल इंटरनेटवरून आणून इथल्या ट्रंकवरून स्थानिक करून सोडण्याची आयडिया कुणी काढली तर ती तिथेच गाडावी. ते बेकायदा आहे, आणि सही कंपनीच्या नावाने असते.

नंबराचं दुःख तर खास आपलं. मोबाइलचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, लँडलाइनचा नाही. तो बिलावर, खोक्यांवर, बोर्डावर, ग्राहकांच्या व्हेंडर मास्टरमध्ये आहे. कुठे कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. त्याच ऑपरेटरची एसआयपी ट्रंक घेतली तर तीच मालिका राहते का, हे ऑर्डर देण्याआधी लेखी घ्यावं. ऑपरेटर बदलायचाच असेल तर जुन्या मालिकेतला मुख्य नंबर एका लाइनवर वर्षभर जिवंत ठेवून नव्यावर फॉरवर्ड करावा. फॉरवर्डचा खर्च आहे, पण तो चार जुने ग्राहक गमावण्यापेक्षा कमीच.

चोरीबद्दल थोडक्यात. एक्स्टेंशन २०१, पासवर्ड २०१. असा पीबीएक्स इंटरनेटवर उघडा ठेवला की ५०६० पोर्टवर दार ठोठावणारे प्रोग्राम काही तासांत येतात. शनिवारी रात्री कुठल्यातरी परदेशी महागड्या नंबरांवर कॉल सुरू होतात आणि सोमवारी कळतं. आयएसडी बंद, पोर्ट फक्त ऑपरेटरच्या पत्त्याला उघडं, पासवर्ड लांब. यात चर्चेसारखं काही नाही.

प्रत्यक्ष बदल एका रात्रीत करू नये. जुना ईपीएबीएक्स आणि नवा पीबीएक्स ई-१ गेटवेने एकमेकांना जोडून ठेवावेत, एक्स्टेंशन नंबर तेच ठेवावेत, आणि एक-एक खातं हलवावं. सुरुवात स्टोअरपासून. ते दिवसभर फोनवर असतात, तक्रार मोठ्या आवाजात करतात आणि काय झालं ते नेमकं सांगतात. मोठ्या साहेबांच्या केबिनपासून सुरू केलं तर ते तक्रार करत नाहीत, नुसते मोबाइलवर बोलायला लागतात, आणि दोष कळतच नाही. रिसेप्शनवरच्या ऑपरेटरबाईंना शेवटी, आणि त्यांच्या शेजारी एक माणूस बसवून. जुन्या कन्सोलवर कोण बोलतंय, कोण जागेवर नाही हे त्या दिव्यांवरून एका नजरेत ओळखतात. नव्या फोनवर ते दिवे प्रत्येक एक्स्टेंशनसाठी एकेक करून मागवावे लागतात, आणि मागवले नाहीत तर बाईंना प्रत्येक कॉल आंधळेपणाने ट्रान्सफर करावा लागतो. महिनाअखेरीचा आठवडा टाळावा. जुनी पीआरआय निदान एक बिल होईपर्यंत चालू ठेवून मगच सरेंडरचा अर्ज द्यावा, आणि डिपॉझिटच्या पावत्या तेव्हा शोधायला न घेता आधीच काढून ठेवाव्यात.

आणि शेवटी एक लाइन ठेवावी. गेटसाठी, आणि तिचीच समांतर जोडी रिसेप्शनला. ऑपरेटरला आधी विचारावं की ती खरोखर तांब्यावर येते का. आता बरेचदा लँडलाइन म्हणून जी मिळते ती फायबरच्या ओएनटीतून निघते, म्हणजे वीज गेली की तीही गेली. तसं असेल तर सिमकार्डवर चालणारा, स्वतःची बॅटरी असलेला डेस्क फोन गेटवर बसवावा, आणि लिफ्टलाही तसाच वेगळा डबा. महिन्यातून एका गुरुवारी, दुरुस्तीसाठी वीज बंद असतानाच, सिक्युरिटीने तिथून कॉल लावून वेळ वहीत लिहावी. या लाइनचं बिल लहान असतं आणि त्यात कॉल जवळजवळ नसतातच, त्यामुळे दोनेक वर्षांनी खर्चकपातीच्या मीटिंगमध्ये ती हमखास "न वापरलेली" म्हणून वर येते. तेव्हा अकाउंट्सकडच्या खात्याचं नावच "गेट आणीबाणी, बंद करताना सिक्युरिटीला विचारणे" असं टाकून ठेवावं.